भानुमतीबाईंची तीन पुस्तकं

भानुमती दिघे यांचं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा मी झाशीत नवीन होते. माझं माहेर मिरजेचं. लग्न होऊन आले ती थेट रेल्वे कॉलनीत, तीही वैशाखात. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी मारायचं आणि संध्याकाळची वाट बघायची, एवढंच दिवसभर काम. आमचे हे पार्सल ऑफिसात होते. त्यांनी एक दिवस एक पातळसं पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "वाच, विद्या. वर्कशॉपमध्ये लोक हातोडे खाली ठेवून यावर भांडतायत."

पुस्तकाचं नाव होतं 'घरची अक्षरं'. लहान मुलांचं पाठ्यपुस्तक. मी ते उभ्या उभ्याच वाचून काढलं. त्यात समुद्र नव्हता, होडी नव्हती, नारळाचं झाड नव्हतं. बेतवा नदी होती, इंजिनाचा धूर होता, लूच्या गरम वाऱ्यात कैरीचं पन्हं पिणारी आजी होती, आणि एक मुलगा होता, तो म्हणायचा, "मी पाटीवर लिखतो."

त्या 'लिखतो'वरूनच भांडण पेटलं होतं.

सीपरी बाजारात आमच्या मराठी मंडळाचं एक दालन होतं. तिथे दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा आणि भानुमतीबाई तो घ्यायच्या. मुलं दोन तऱ्हेची. काही शहरातल्या जुन्या घराण्यांतली, ज्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात फौजेबरोबर नाहीतर दफ्तर सांभाळायला इकडे आले आणि इथलेच झाले. बाकीची आमच्यासारख्यांची, वडिलांची बदली जिकडे तिकडे बिऱ्हाड. पुण्याहून मागवलेली पुस्तकं दोघांनाही परकी वाटत. "बाई, भरती-ओहोटी म्हणजे काय?" असं एका मुलीनं विचारलं आणि बाईंना ते समजावून सांगता येईना, कारण समुद्र त्यांनी स्वतःही पाहिला नव्हता. त्या माहेरच्या पोतनीस, शहरातल्या. पेणच्या नारायणराव दिघ्यांशी लग्न करून रेल्वे कॉलनीत आल्या, पण झाशी सोडून कधी राहिल्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी स्वतःच पुस्तक लिहायला घेतलं.

झाशीचा छापखाना हिंदी. त्यांच्याकडे 'ळ'चे खिळेच नव्हते. नारायणरावांनी ग्वाल्हेरहून मूठभर आणवले. ते संपले की पुढच्या पानावर नुसता 'ल'. त्यामुळे पुस्तकात कुठे 'फळा' तर कुठे 'फला', कुठे 'सकाळ' तर कुठे 'सकाल'.

मंडळाच्या सभेला मी पहिल्यांदा गेले ती याच पुस्तकासाठी. वर्कशॉपचे फोरमन शिवाजीराव उभे राहिले. साताऱ्याकडचा भारी आवाज. "बाई, मराठीत 'लिहितो' म्हणतात. 'लिखतो' नाही. भाजीला 'तरकारी' लिहिलंय तुम्ही. उद्या आमची पोरं गावी गेली तर आजोबा हसतील की."

मंडळाचे चिटणीस गोविंदराव वकील शहरातले. त्यांची तक्रार उलटीच. "तरकारी बरोबर आहे. आमच्या घरात तरकारीच म्हणतात. पण हे इंजिन, डबे, गार्डची शिट्टी, हे काय पाठ झाले? स्तोत्र नाही, पूर्वजांचं नाव नाही. मुलांनी हमाल व्हायचंय का?"

भानुमतीबाई उठल्या. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. म्हणाल्या, "शिवाजीराव भैया, माझी आजी 'लिखलं' म्हणायची आणि तिची आजीही. तुमची रेल्वे यायच्या आधीपासून आम्ही हेच बोलतोय. आणि गोविंदरावजी, शिट्टी ऐकून मुलांचे वडील घरी येतात. त्यांना ती नाही शिकवायची तर काय शिकवायचं?"

निकाल काही लागला नाही. पण मुलांना पुस्तक आवडलं आणि ते वर्गात चालू राहिलं. मला वाटतं, बाई खऱ्या अर्थानं सुखात होत्या त्या याच काळात. कुणी नावं ठेवली की त्या हसून म्हणत, "वाचलं तरी ना!" आमची मैत्री तेव्हाच जमली. मी वयानं लहान, पण मला वाचायचं वेड, आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं.

त्यांची दुसरी मैत्रीण प्रेमला. नीलकंठ गार्डची बायको. गोरी, उंच, बोलायला कमी. तिच्याकडे हाताचं शिवणयंत्र होतं आणि कॉलनीतल्या निम्म्या बायकांची पोलकी तीच शिवायची. नीलकंठ तापट होता, हात उचलायचा. कॉलनीला ते माहीत होतं आणि कॉलनी गप्प होती.

एक दिवस नवरा गाडी घेऊन बीन्याला गेला असताना प्रेमला भर दुपारी स्टेशनवर गेली. खांडव्याला भाऊ होता, तिथलं तिकीट काढलं. सामान म्हणून कपडे नाहीत, दागिने नाहीत, फक्त ते शिवणयंत्र लाकडी पेटीत घालून हमालाच्या डोक्यावर दिलं. बाकावर बसून राहिली. पंजाब मेल आली, थांबली, सुटली. ही बाकावरच. मग दुसऱ्या हमालाच्या डोक्यावर पेटी देऊन घरी परतली आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या. हे तिनं जगात एकाच माणसाला सांगितलं, भानुमतीबाईंना.

आणि बाईंनी त्यावर कादंबरी लिहिली.

मला त्या वेळी यातलं काही ठाऊक नव्हतं. 'आउटरवरची गाडी' ग्वाल्हेरला छापली, या खेपेला सगळे 'ळ' जागच्या जागी होते. त्यातली बाई सावळी, ठेंगणी, तिचं नाव वेगळं, गाव वेगळं, नवरा तारमास्तर. पण एका दुपारी ती शिवणयंत्र घेऊन स्टेशनवर जाते, आणि कादंबरीतली बाई गाडीत बसते. गाडी स्टेशनाबाहेर आउटरच्या सिग्नलला अडते, ती खिडकीतून आपल्याच घराचं छप्पर बघत राहते, मग सिग्नल पडतो आणि गाडी निघते. इथे कादंबरी संपते.

कॉलनीत ती कादंबरी अशी फिरली की पुठ्ठा गळून पडला. बायका पिठाच्या डब्यात लपवून ठेवायच्या. एकजण मला म्हणाली, "वाचून मी दोन दिवस जेवले नाही गं." स्टेशनमास्तरांच्या बायकोचं मत वेगळं. "शेवट खोटा आहे. अशी कुठली बाई जाते? ताटातली भाकरी कोण सोडतं?" शिवाजीरावांनी चक्क कौतुक केलं. म्हणाले, "आता लिहिलं बाईंनी मराठी." गोविंदरावांनी मंडळाच्या कपाटात ठेवायला नकार दिला. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तंत्र कच्चं असल्याचं सांगितलं. त्यांनी शेवटचं पान वाचलंच नव्हतं, हे त्यांच्याच बोलण्यातून कळत होतं.

बाई सगळं कान देऊन ऐकायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक नवीनच तेज आलं होतं.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी सहज बोलून गेलं, "शिवणयंत्र घेऊन निघाली म्हणे! असलं यंत्र तर आपल्या प्रेमलाकडेच आहे." दुसरी हसत म्हणाली, "विचारा तिला, कुठे निघाली होती ते." प्रेमला तिथेच बसली होती. तिच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. ती हसली नाही, आणि ती हसली नाही हे सगळ्यांनी पाहिलं.

गोष्ट नवऱ्यांपर्यंत गेली. स्टेशनवरचे हमाल तेच होते. नीलकंठनं एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्यानं सांगितलं. त्या दुपारी त्यांच्या घरातून जे आवाज आले ते मी ऐकले. आमचे हे आणि शेजारचे दोघे जाऊन दार ठोठावत राहिले. दार उघडलं तेव्हा प्रेमलाचा ओठ फाटला होता आणि नीलकंठ शांतपणे बूट घालत होता. शिवणयंत्र त्यानं त्याच दिवशी बाजारातल्या एका शिंप्याला देऊन टाकलं. महिन्याभरात इटारसीला बदली मागून घेतली. जाताना प्रेमला कुणाच्या घरी निरोपाला गेली नाही.

भानुमतीबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मी सगळं बदललं होतं. रंग, उंची, गाव. यंत्र तेवढं बदलता येईना. दुसरं काहीही तिच्या हातात दिलं तर ती बाई उभीच राहत नव्हती."

लिहिणाऱ्याला दिसतं ते मला कुठे दिसत होतं?

वर्षभरानं त्या मला घेऊन इटारसीला गेल्या. प्रेमलानं दार उघडलं. वाळली होती. तिनं आम्हाला बसायला सतरंजी घातली, पाणी दिलं. मग उभी राहून विचारलं, "आणखी काही हवंय का लिखायला?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "प्रेमला, मी माफी मागायला आले गं."

"कशाची? खोटं थोडंच लिहिलंस." तिचा आवाज चढला नाही. "तुझी बाई गाडीत बसली. मी परत आले. आता जी भेटते ती मला विचारते, तू का नाही गेलीस? परत कशाला आलीस? इथेही पोचलं तुझं पुस्तक. आधी मी मार खायचे एवढंच होतं. आता मी भित्री पण झाले."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. दोन-तीन वर्षांत प्रेमला काविळीनं गेल्याचं कळलं. त्यानंतर कुणी त्या कादंबरीबद्दल बरं बोललं की बाई उठून आत जायच्या.

पुढे कितीतरी वर्षं त्यांनी काही लिहिलं नाही. नारायणराव निवृत्त झाले आणि लवकरच वारले. मुलगी बकुळ कॉलेजात गेली. रविवारचा वर्ग चालू होता, पण मुलं कमी होत चालली होती. नव्या आया म्हणायच्या, "हिंदीत मार्क पडायला हवेत, बाई. मराठी काय, घरी समजते तेवढी पुरे."

मग गोविंदराव आले. मंडळाला पन्नास वर्षं होत होती आणि मंडळ स्थापन करणारे त्यांचे वडील, कैलासवासी भीमराव वकील, यांचं चरित्र काढायचं होतं. बाईंनी सरळ नाही म्हटलं. गोविंदराव पुन्हा आले, पुन्हा आले. शेवटी त्या मला म्हणाल्या, "चरित्राचं बरं असतं. लपवाछपवी नाही. ज्याचं त्याचं नाव घेऊन, ज्याला त्याला विचारून लिखायचं. बहुतेक हेच माझ्यासारखीनं लिखावं."

आणि त्या कामाला लागल्या. मऊरानीपूरला जुने कारकून भेटले. भीमरावांनी प्लेगमध्ये अनाथ मुलं घरी आणून वाढवली होती, गरिबांचे खटले फुकट लढवले होते. माणूस मोठाच होता. पण एका कारकुनाच्या बोलण्यात 'पहिल्या बाईसाहेब' असा शब्द आला. पहिल्या? झाशीत तर कुणीच कधी बोललं नव्हतं.

त्यांचा माग काढत आम्ही दोघी बसनं एरचला गेलो. बेतवेच्या घाटाच्या वर एक दोन खोल्यांचं घर होतं, त्याच्या पायरीवर चंपा भेटली. ढीमर जातीची म्हातारी, तिच्या माणसांच्या घाटावर नावा चालायच्या. तिनं सगळं सांगितलं. भीमरावांच्या पहिल्या बायकोचं नाव रुक्मिणी. मूल झालं नाही म्हणून तिला "हवापालटाला" इथे आणून सोडलं. न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीला एक लुगडं तेवढं यायचं. सुरुवातीला ती दारातून हलायची नाही, गाडीचा आवाज आला की उभी राहायची. मग एका उन्हाळ्यात चंपा तिचा हात धरून तिला नदीत घेऊन गेली. वाळूत खरबुजं कशी लावायची ते दाखवलं. नऊवारी लुगड्याचा काचा मारून ती ढीमर बायकांबरोबर वाळू खणायची. तिची खरबुजं घाटावर नावाजली जायची. दर वर्षी पहिली टोपली ती झाशीला सासरी पाठवायची. उलट निरोप कधी आला नाही. तीस-एक वर्षं ती तिथे राहिली आणि तिथेच गेली. चंपानंच तिच्या तोंडात पाणी घातलं.

बाईंनी डोळे पुसले. मग इटारसीहून शिकून आल्यासारखं त्यांनी नीट विचारलं, "चंपा, मी हे पुस्तकात लिखू का? तुझी हरकत नाही ना?"

चंपा म्हणाली, "लिखो बाई. कोऊ तो जाने." कुणाला तरी कळू दे.

ते प्रकरण बाईंनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी त्यांचं सगळं वाचलं होतं, पण असं काही वाचलं नव्हतं. त्यात राग नव्हता. वाळू होती, पाणी होतं, आणि दर उन्हाळ्यात झाशीच्या वाटेकडे जाणारी टोपली होती.

गोविंदरावांनी हस्तलिखित वाचलं आणि ते बाईंकडे आले. मी तिथेच होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. तो झाला नाही. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ती खरबुजं आम्ही खायचो. लहानपणी. सांगायचे, शेतावरनं आलीत." मग त्यांनी हात जोडले. "बाई, हे खरं असेल. खरंच आहे. पण माझी आई अजून आहे. ऐंशीच्या पुढची आहे. ती या पुस्तकाची वाट बघत्येय, रोज वाचून दाखव म्हणणार आहे. सवतीला कुणी घालवलं, कुणासाठी घालवलं, हे तिला या वयात ऐकवू? तिचा काय दोष? तेरा वर्षांची होती ती लग्नात."

बाई हस्तलिखिताची पानं सारखी करत राहिल्या.

"जी मेली तिला आता काय फरक पडणार?" गोविंदराव म्हणाले. "जी जिवंत आहे तिचा विचार करा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "ऐकू नका. तुम्ही विचारून लिहिलंय."

"कुणाला विचारून? चंपाला. या म्हातारीला कुठे विचारलं?" त्या भिंतीकडे बघत होत्या. "प्रेमला जिवंत होती, विद्या. मी तिचा विचार केला नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा न्हाणीघरातला बंब पेटलेला होता आणि त्या त्याच्यापुढे पाटावर बसल्या होत्या. ते प्रकरण त्यांनी स्वतःच्या हातानं जाळलं. नक्कल ठेवली नव्हती.

चरित्र थाटात निघालं. प्रकाशनाला ग्वाल्हेरहून पाहुणे आले. शहरातल्या घराण्यांना ते फार आवडलं, काहींनी देवघरात ठेवलं. गोविंदरावांच्या आईनं ते तीनदा वाचून घेतलं म्हणे. रेल्वेतली माणसं चार पानं वाचून जांभया द्यायला लागली. शिवाजीराव तेव्हा निवृत्त होऊन सीपरीतच राहत होते, ते मला म्हणाले, "वहिनी, हे चरित्र नव्हे, आरती आहे. कापूर तेवढा लावायचा राहिलाय. ज्या बाईनं ती कादंबरी लिहिली तिनंच हे लिहिलं?" हे बाईंच्याही कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतात."

थंडी सुरू झाली होती. बाईंच्या अंगणात उन्हात आम्ही गहू निवडत होतो, आणि फाटकातून चंपा आत आली. एकटी, बसनं, एरचहून. डोक्यावर उकडलेल्या शिंगाड्यांचं गाठोडं. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "काय बाई, हमाई जिज्जी की किताब छप गई?" माझ्या ताईचं पुस्तक छापून झालं का?

रुक्मिणीला ती जिज्जी म्हणायची.

भानुमतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या आत गेल्या आणि चरित्राची प्रत घेऊन आल्या. चंपानं पुस्तक दोन्ही हातांत धरलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. "तनक बाँच दो." जरा वाचून दाखव.

मी बाईंकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या सांगतील. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक मध्येच कुठेतरी उघडलं, आणि वाचायला लागल्या. पानावर भीमरावांच्या वकिलीची गोष्ट होती. बाई मात्र रुक्मिणीची वाचत होत्या. बुंदेलीत, चंपाच्याच बोलीत, सावकाश, मधेमधे पान उलटत. बंबात गेलेलं प्रकरण त्यांना पाठ होतं. दारात उभी राहणारी रुक्मिणी, हात धरून नदीत नेणारी चंपा, वाळूतले वेल, पहिली टोपली. चंपा डोळे मिटून ऐकत होती. आपलं नाव आलं की लाजून तोंडावर पदर घ्यायची. शेवटी ती रडली, मग हसली, आणि म्हणाली की जिज्जी अगदी अशीच होती.

बाईंनी पुस्तक मिटलं. चंपानं हात पुढे केला. "एक हमें दे दो बाई. उतै मास्टर है, बो बाँच देहै सबखों."

गावात मास्तर आहे, तो सगळ्यांना वाचून दाखवेल.

आता बाई सांगतील, असं मला पुन्हा वाटलं. त्यांचे ओठ हललेही. पण म्हातारी इतकी आनंदात होती. बाईंनी ती प्रत तिच्या हातात ठेवली. ती पदरात गुंडाळून चंपा बसला गेली.

"काय केलंत हे?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नाही म्हणता येईना."

होळीच्या सुमाराला एरचच्या बसचा कंडक्टर एक कापडात बांधलेली वस्तू बाईंच्या दारात ठेवून गेला. आत पुस्तक होतं. निरोप काही नव्हता. मी त्याला फाटकाशी गाठून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मास्तरनं गावच्या चौपालावर बसून पुस्तक सगळं धुंडाळलं, भाषा मराठी पण अक्षरं तर तीच, रुक्मिणीचं नाव कुठेच सापडलं नाही. लोक हसले. म्हातारी म्हणत राहिली की आहे, मी ऐकलंय. मग उठून घरी गेली.

हे मी बाईंना सांगितलं नसतं, पण त्या दारातच उभ्या होत्या.

त्यानंतर भानुमतीबाई लिहीत तर नव्हत्याच, पण वाचायच्याही थांबल्या. पुण्याहून नवीन कादंबरी आली की मी सवयीनं घेऊन जायची. त्या कव्हरवरून हात फिरवायच्या आणि परत द्यायच्या. "तू वाच. मला सांगू नकोस." मी कितीदा म्हटलं, आपण एरचला जाऊ, चंपाला खरं काय ते सांगू. त्या प्रत्येक वेळी हो म्हणायच्या आणि प्रत्येक वेळी गुडघा दुखायचा. एकदा अगदी बसस्टँडपर्यंत गेलो. बस लागली, लोक चढले, आणि त्या बाकावरून उठल्याच नाहीत. मी आग्रह केला नाही. त्यांच्याकडे बघून करवलाच नाही.

रविवारचा वर्ग शेवटी दोन मुलींवर आला, मग बंद झाला. दालन मंडळानं लग्नकार्यासाठी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. बकुळ लग्न होऊन कानपूरला गेली. तिची मुलं आजीशी हिंदीत बोलायची आणि आजी त्यांच्याशी हिंदीतच बोलायची. 'घरची अक्षरं' त्यांना दाखवावं असं बाईंना एकदाही वाटलं नाही. मी आठवण केली तर म्हणाल्या, "कशाला? अजून कुणाला काय शिकवायचं राहिलंय?"

त्या गेल्या तेव्हा लू वाहत होती. शोकसभेला आम्ही थोडीच माणसं होतो. शिवाजीराव कादंबरीबद्दल बोलले, गोविंदराव चरित्राबद्दल. गोविंदराव बोलता बोलता थांबले, डोळ्यांना रुमाल लावला आणि खाली बसले. लोकांना वाटलं, वयामुळे.

पाऊस ओसरल्यावर मी एकटीच एरचला गेले. आता गुडघा दुखणारं कुणी नव्हतं. घाटावरच्या त्या घराला कुलूप होतं, पायरीवर गवत उगवलेलं. एक बाई नाव दोरानं बांधत होती. मी चंपाची चौकशी केली. दोन वर्षं झाली जाऊन, ती म्हणाली. तिची नातसून मी, तिच्या मागे लग्न होऊन आले.

"आणि रुक्मिणीबाई? या घरात राहायच्या त्या?"

"कौन रुकमनी?"

मी सांगायला लागले. झाशीच्या वकिलाची बायको, नदीत खरबुजं लावायची, तुझी आजेसासू तिला जिज्जी म्हणायची. ती दोराची गाठ मारत ऐकत होती. मी खरबुजांपर्यंत आले आणि पुढे मला नीट आठवेना. एकदा बाईंनी वाचून दाखवलेलं, एकदा अंगणात ऐकलेलं. किती राहणार? बाई सांगायच्या तेव्हा वाळूचासुद्धा एक आवाज यायचा. माझ्या तोंडून नुसती माहिती निघत होती.

तिनं नम्रपणे मान हलवली. मग पलीकडच्या काठाकडे बोट करून विचारलं, "पार जाने का, बाई?"

मी नाही म्हटलं. ती नावेत बसली आणि निघून गेली.